गाठ नेमकी कुठे

माझ्या बायकोच्या डाव्या स्तनात गाठ होती, आणि ती हाताला लागली तेव्हा तिला तिसरा महिना होता. हे वाक्य मी मुद्दाम सर्वांत आधी लिहिले. मी हे लिहायला बसलो आहे असे कळल्यावर आमच्या नात्यातले एक वडीलधारे गृहस्थ घरी आले आणि म्हणाले, "लिहायचंच असेल तर छातीचा विकार असं लिही. बायकांच्या अंगाचा असा बोभाटा बरा दिसत नाही." मी त्यांचा मान ठेवतो, सल्ला ठेवत नाही. झाकून बोलण्याचा माझा अनुभव मोठा आहे. त्याचे भोग मला भोगावे लागले नाहीत, तिला भोगावे लागले.

ही प्लेगाच्या आधीची गोष्ट. आम्ही गिरगावात एका वाडीतल्या चाळीत, माडीवरच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी, ती आणि माझी विधवा आई. मी परळच्या एका गिरणीत कापडखात्यात कारकून होतो. लग्नाला नऊ वर्षे होत आली होती. दोन वेळा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गेले. त्यामुळे या वेळी आईने तिला घागर उचलू दिली नाही की जिना उतरू दिला नाही. स्वयंपाकघरातही विळीवर बसायचे काम आईने आपल्याकडे घेतले.

एका सकाळी मी कामावर निघत असताना तिने दार लोटून घेतले आणि म्हणाली, "अहो, इथं एक गाठ लागतेय. दुखत नाही. पण हलतही नाही." तिने माझा हात धरून तिथे ठेवला. मी हात चटकन मागे घेतला. दिवसाउजेडी, पलीकडे आई, गॅलरीत शेजारी. मी म्हणालो, "दुधाची असेल."

"तिसऱ्या महिन्यात?"

"डॉक्टरांना विचारतो."

आणि मी विचारले. आमचे डॉक्टर आमच्याच ज्ञातीतले, वयस्कर, भला माणूस. नाक्यावर त्यांचा दवाखाना होता. त्या काळी घरातली बाई दवाखान्यात जात नसे. नवऱ्याने किंवा भावाने जायचे, दुखणे सांगायचे, औषध आणायचे. फार झाले तर डॉक्टर घरी येऊन दाराआडून नाडी पाहायचे. मी गेलो तेव्हा बाकावर ओळखीचे चार-पाच जण बसलेले होते.

"घरात जरा गाठ आलीय," मी म्हणालो.

"कुठे?"

मी बाकाकडे पाहिले. ओठावर शब्द आला आणि परत गेला. मी म्हणालो, "काखेत."

"ठणकते का?"

काखेतली गाठ ठणकते हे मला माहीत होते. एक खोटे सांगितल्यावर दुसरे त्याला जोडून द्यावेच लागते. "थोडी," मी म्हणालो.

"काखमांजरी आहे. अळशीचं पोटीस बांधा, पिकेल आणि फुटेल." बाकावरचा एक जण म्हणाला, "आमच्या मेहुणीला झाली होती. आठवड्यात साफ." मला फार हलके वाटले. हे हलके वाटणे मी अजून विसरलेलो नाही.

दोन महिने आम्ही पोटीस बांधले. आई रोज अळशी शिजवून द्यायची आणि बायको ती स्वतःच्या समजुतीने, जिथे गाठ होती तिथे बांधायची. गाठ पिकली नाही. फुटली नाही. वाढली. वरच्या कातडीला खळी पडली. मी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो, आणि एकदा काख म्हणून बसलेलो मी दुसऱ्या खेपेलाही काखच म्हणालो.

शेवटी तिनेच मला पकडले. जेवण वाढताना तिने विचारले, "डॉक्टरांना तुम्ही नेमकं काय सांगितलंत?"

मी सांगितले. आई पाणी आणायला गेली होती म्हणून सांगू शकलो.

ती रडेल असे मला वाटले होते. तिने भाताचे भांडे खाली ठेवले. "म्हणजे दोन महिने औषध एकीकडे आणि दुखणं दुसरीकडे. पत्ताच चुकीचा घातलात की हो! उद्या बायकांच्या इस्पितळात जायचं. तिथं बाई डॉक्टर असते. तुम्ही नुसतं सोबत या. बोलू नका."

पाचव्या महिन्यातली, घरच्या घरी गुपचूप भरायची चोरओटी नुकतीच झाली होती. त्यासाठी आईने कासारणीला घरी बोलावून तिचे दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरवले होते. कासारणीने बोटे दाबून, हात मळून मळून इतक्या नेमक्या बसवल्या होत्या की बांगडी मनगटावर फिरेल पण निघणार नाही. आमच्याकडे त्यातच कासारणीचे कौतुक. त्या बांगड्या वाजवत ती माझ्याबरोबर ट्रामने इस्पितळात आली. आईला आम्ही देवळात जातो असे सांगितले होते.

इस्पितळातली डॉक्टरीण पारशी होती. तरुण, चष्मा लावलेली, बोलायला तडक. मी पडद्याबाहेर उभा राहिलो. आतून तिचा आवाज आला, "कुठे?" आणि माझ्या बायकोचा आवाज आला, सरळ, मोठा. तिने तो शब्द उच्चारला. बाहेर बसलेल्या दोन बायकांनी माझ्याकडे पाहिले. मी भिंतीकडे पाहिले.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाईंनी पडदा सारला. "तुमी तिचे मिस्टर ना? आत या. असे खांबासारखे नका उभे राहू."

बायको पदर घेऊन बसली होती. डाव्या हाताचा कोपर वर केलेला. डॉक्टरीणबाईंनी माझी दोन बोटे धरली आणि काखेत खोलवर दाबली. "लागते? वाटाण्याएवढी?"

लागली. कठीण, गोल.

"ही नवीन हाय. मूळ गाठ तिथे, आणि तिथून ही इथे आली. कॅन्सर. तुमच्यात कर्करोग म्हणतात."

मी काख म्हणालो होतो तेव्हा काखेत काहीच नव्हते. आता होते. मी बोललेले खोटे दोन महिन्यांत खरे झाले होते. मी तिथेच भिंतीला टेकलो. बायकोने माझ्या चेहऱ्यावरून ओळखले असावे, कारण ती म्हणाली, "आता इथं चक्कर येऊन पडू नका. मला उचलता येणार नाही, पाचवा आहे."

डॉक्टरीणबाईंनी काही लपवले नाही. बाळंत होईपर्यंत थांबले तर सुरीचा उपयोग राहणार नाही. आत्ता कापले तर पोटातले मूल राहील की जाईल, कोणी सांगू शकत नाही. आणि आत्ता कापूनही गाठ पुन्हा येणार नाही याची हमी नाही. "आमच्या मोठ्या डॉक्टर मडम कापतील. मी सोबत असते. पण नवऱ्याने हो म्हटले पाहिजे. तुमाला कोण वाचवायचंय ते घरी जाऊन ठरवा."

 बायको म्हणाली, "ह्यांना विचारू नका. ह्यांनी मागे एकदा उत्तर दिलंय. आणि कोण वाचवायचंय म्हणजे काय? मला दोघंही हवीत. एक देऊन दुसरं घ्यायला मी बाजारात आलेले नाही. पुढच्या सोमवारी येते."

घरी सांगावेच लागले. आई खाली बसली ती उठेना. "अरे, गर्भारशीनं विळी धरू नये म्हणतात, आणि तुम्ही तिच्यावरच सुरी चालवणार? नऊ वर्षांनी देवानं दिलंय."

शेजारच्या काकू तेवढ्यात आल्याच. सगळी चाळ त्यांच्या कानांनी ऐकत असे. त्यांनी कारणही शोधून आणले. "मागच्या ग्रहणात हिनं पडवळ चिरलं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मग काकू, गाठ पडवळाला यायला हवी होती," बायको म्हणाली.

"जिभेला हाड नाही हो हिच्या!"

"जिभेला नाही. पण बाकी ठिकाणी जे आलंय ते काढायला सोमवारी जातेय."

आईने माझ्याकडे पाहिले. मी घरातला कर्ता पुरुष. मी नाही म्हटले असते तर ती गेली नसती, जाऊ शकली नसती, त्या काळी तसेच होते. मला त्या क्षणी नाही म्हणण्याचा मोह झाला होता. नाही म्हटले की नंतर जे होईल ते देवाच्या माथी मारता आले असते. हो म्हटले की माझ्या. मी म्हणालो, "जायचंय." आयुष्यात मी थोड्याच गोष्टी धड केल्या, त्यातली ही एक, आणि तीही तिने आधी ठरवल्यानंतर.

सोमवारी आई आमच्याबरोबर आली. न येण्याची शपथ घेतली होती, पण ट्राम सुटायच्या वेळी माळ घेऊन हजर झाली.

इस्पितळात अडले ते बांगड्यांवर. काखेपर्यंत कापायचे म्हणून डावा हात बोटांपासून खांद्यापर्यंत जंतू मारणाऱ्या कारबॉलिकने धुवायचा होता, आणि त्यावर काच चालणार नव्हती. नर्सने साबण लावून पाहिला. पण पाचव्या महिन्याची सूज आणि कासारणीचे कसब, बांगडी हलेना. नर्स म्हणाली, "तोडावी लागेल."

आई ओरडली. आमच्याकडे बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. सवाष्णीचा हात कोणी आपणहून काचेवाचून करत नाही. तो नवरा गेल्यावर करतात. माझे वडील गेले तेव्हा बायकांनी आईचे हात पाट्यावर ठेवून बांगड्या फोडल्या होत्या. मी तेव्हा लहान होतो आणि दारात उभा राहून ते पाहिले होते. आईने सुनेचे मनगट दोन्ही हातांनी झाकले आणि नर्सला म्हणाली, "माझा मुलगा जिवंत आहे. हात लावू नका."

मोठ्या मडम दारात येऊन घड्याळ पाहून गेल्या. सगळे खोळंबले. तेव्हा बायकोने आईच्या हातांखालून आपला हात काढला आणि माझ्यापुढे धरला.

"अहो, तुम्हीच फोडा. नवऱ्यानं स्वतः फोडल्या तर तो मेलाय असं कोण म्हणेल?"

मी माझे उपरणे भिजवून तिच्या मनगटाभोवती गुंडाळले, काच आत जाऊ नये म्हणून. हात पलंगाच्या लोखंडी दांडीवर टेकवला आणि आपटला. पहिल्या खेपेला हळू आपटला, काहीच झाले नाही. "जोरात," ती म्हणाली. "तुमच्यानं तेवढं होईल." दुसऱ्या खेपेला काच उपरण्यात चुरा होताना मला हाताला जाणवली. आई तोंड फिरवून उभी होती. मग ती वळली, खाली वाकली आणि उपरण्यातून जमिनीवर सांडलेला प्रत्येक तुकडा वेचून पदरात बांधू लागली. 

उजव्या हाताच्या बांगड्या नर्सने राहू दिल्या. "ह्या असू द्यात," बायको म्हणाली. "तेवढ्या तुमच्या नावाच्या." आणि ती स्वतःच्या पायांनी आत चालत गेली.

आतले मला माहीत नाही. गुंगीच्या औषधाचा गोडसर वास दाराखालून येत होता एवढे आठवते. ती शुद्धीवर आली तेव्हा तिचा उजवा हात आधी पोटावर गेला. नंतर ताप आला, पट्ट्या भिजल्या, आणि पोटातले हालेना. डॉक्टरीणबाई दिवसातून दोनदा कान लावून ऐकत. मी गिरणीत रजा मागितली नाही, नुसता गेलो नाही. एका दुपारी मी तिच्या उशाशी बसलो असताना तिने डोळे उघडले.

"लाथ मारली," ती म्हणाली.

"खरं?"

"तुमच्यावर गेलंय. विचारल्यावर फार उशिरा उत्तर देतं."

मुलगी झाली. वेळेच्या जरा आधी, बारीक, पण आवाज चाळभर. आता काकूंचा नवा मुद्दा होता. अशा बाईने मुलीला अंगावर पाजू नये, आणि पाजले तरी एका बाजूने पोर अर्धपोटी राहील. आईसुद्धा दाईचा शोध करू लागली. डॉक्टरीणबाईंनी आढेवेढे घेत का होईना, उजव्या बाजूने पाजायला हरकत नाही म्हटले होते. तेवढे बायकोला पुरे होते. ती गॅलरीच्या दारात बसून, पदराखाली मुलीला घेऊन काकूंना म्हणाली, "शेळीला दोन सड, म्हशीला चार. म्हणून म्हैस काय दुप्पट आई झाली?" मुलगी त्या एका बाजूवर वाढली. दात आल्यावर चावू लागली तेव्हाच तिने सोडवली.

डावा हात मात्र पूर्वीसारखा झाला नाही. काखेतून कापल्यामुळे तो सुजून राही. मधूनच लाल व्हायचा आणि ताप भरायचा, मग चार दिवसांनी उतरायचा. त्या हातात बांगडी पुन्हा चढली नाही. एका हळदीकुंकवाला कोणीतरी तिच्या उघड्या मनगटाकडे पाहून कुंकवाचे बोट मागे घेतले. ती म्हणाली, "नवरा खाली जोडे सांभाळत बसलाय. वाटल्यास हाक मारून पाहा, ओ देतो." मी खरोखरच खाली जोड्यांपाशी बसलो होतो.

मग प्लेग आला. मुलगी चार वर्षांची झाली होती. निम्मी चाळ गावाला पळाली. आम्ही राहिलो, कारण डॉक्टरीणबाईंना दर काही महिन्यांनी दाखवायला जायचे असे आणि आमच्या गावी, कोकणात, कोणाला दाखवणार? एका सकाळी तपासणीवाले चाळीत शिरले. एक गोरा डॉक्टर, दोन शिपाई, एक नर्स आणि दुभाषा म्हणून आमच्यातलाच एक कारकून. सगळ्यांना गॅलरीत उभे केले. ताप पाहायचा, काखा पाहायच्या. प्लेगाची गाठ काखेत नाहीतर जांघेत येते. बायकांना नर्स चादरीआड घेऊन पाहत होती.

त्या सकाळी तिचा हात लाल होता आणि तिला ताप होता.

नर्स चादरीआडून बाहेर आली आणि तिने गोऱ्या डॉक्टराला काखेत सूज असल्याचे सांगितले. शिपाई जिन्याखाली ठेवलेली डोली आणायला वळले. त्या डोलीतून प्लेगाच्या इस्पितळात गेलेले कोणी आमच्या वाडीत परत आलेले मी पाहिले नव्हते. मुलगी आजीच्या लुगड्याला घट्ट धरून उभी होती.

मी पुढे झालो. दुभाष्याने विचारले, "गाठ नेमकी कुठे आहे?"

"ही प्लेगाची गाठ नाही. डाव्या स्तनाला कर्करोग होता. तो स्तन आणि काखेतली गाठ कापून काढलीय. हा व्रण त्याचा आहे, आणि ही सूज त्याची."

 दुभाषा लाल झाला. तो माझ्याच वयाचा, माझ्याच शाळेतून आल्यासारखा माणूस. त्याने खाली पाहिले आणि साहेबाला इंग्रजीत सांगितले की हिला छातीचा काही जुना आजार आहे. साहेबाने छाती एवढेच ऐकले, ताप तर होताच, आणि मान हलवून शिपायांना डोलीकडे बोट दाखवले. छातीचा प्लेग तर काखेतल्यापेक्षा वाईट.

त्या कारकुनाला मी दोष देत नाही. मी त्याला आतून ओळखत होतो. पण मी त्याचा खांदा धरून त्याला बाजूला केले. "छाती नाही," मी ओरडलो. "स्तन. ब्रेस्ट, साहेब. कॅन्सर ऑफ द ब्रेस्ट. पुन्हा बघायला सांगा." मी शब्द इंग्रजीत बोललो, मग मराठीत, मग पुन्हा इंग्रजीत. आई तिथे होती, काकू होत्या, खालच्या मजल्यावरची माणसे माना वर करून ऐकत होती. मी इस्पितळ कोणते तेही सांगितले आणि डॉक्टरीणबाईंचे नाव सांगितले. नर्स पुन्हा चादरीआड गेली. ती बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा तिने साहेबाला हाताने आपल्या अंगावर तिरकी रेघ ओढून दाखवली, खांद्यापासून खाली. साहेबाने माझ्याकडे पाहिले, काहीतरी टिपून घेतले आणि ते पुढच्या बिऱ्हाडाकडे गेले.

 बायको चादर सारून चोळीची गाठ मारत बाहेर आली.

"चला," ती म्हणाली. "उशिरा का होईना, पत्ता बरोबर सांगितलात. चाळीत सगळ्यांना कळला, आता टपाल चुकायचं नाही."

काकूंनी त्या दिवशी दार लावून घेतले ते दोन दिवस उघडले नाही. मला वाटले, बोभाटा झाला, आता पाण्याच्या नळावर आम्हांला वाळीत टाकतील. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या. सुनेला मागे घेऊन उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. माझ्याकडे पाहिले नाही. बायकोला म्हणाल्या, "माझ्या सुनेला दाखवायचंय. तुझ्या त्या पारशिणीला."  पुढच्या शब्दांना आवाज इतका उतरला की मला जेमतेम ऐकू आला. "उजवीकडे आहे. ती महिनाभर सांगतेय आणि मी तिला शेक दे म्हणतेय."

बायकोने काहीही विचारले नाही. पडवळाची आठवणही काढली नाही, आणि ती काढेल अशी माझी खात्री होती. तिने अंगाभोवती शेला घेतला. हात अजून सुजलेला होता. मी टोपी घालून जोडे शोधू लागलो.

"तुम्ही कुठे निघालात?"

"सोबत."

"पोरीला जेवायला घाला. आमचं आम्ही सांगू."

तिघी जिना उतरून ट्रामच्या रस्त्याकडे गेल्या. काकूंची सून मागे राहत होती, म्हणून माझ्या बायकोने तिचे मनगट आपल्या उघड्या डाव्या हातात धरले होते आणि ती तिला भरभर ओढत नेत होती.